तळपायावरचा काळा डाग : मेलॅनोमाची ओळख आणि वेळीच निदानाचे महत्त्व



काही वर्षांपूर्वी आजाऱ्यांना पवित्र कम्युनिअन देण्यासाठी आम्ही आमच्या धर्मग्रामातील एका वयोवृद्ध शेतकऱ्याच्या घरी गेलो होतो. बाबा ओसरीवर खाटेवर बसले होते. उजव्या पायाच्या टाचेला जुनेराची पट्टी बांधलेली होती. विचारपूस केली तेव्हा कळले, की टाचेवर काळे कुरूप झाले आहे आणि दीड-दोन वर्षे ते काही केल्या जात नाही. प्रथम काटा मोडला असेल असे वाटून सुईने कोरून पाहिले होते. मग बिब्बा तापवून लावला. पुढे कोणी सांगितले म्हणून ब्लेडने खरवडले. आता त्यातून अधूनमधून रक्त येत होते आणि जांघेत अवधाण आले होते.

घरच्यांनी त्यांना दवाखान्यात नेले. तुकडा तपासला गेला आणि ज्या रोगाचे नाव त्या घरात कोणी कधी ऐकले नव्हते ते नाव कागदावर आले : मेलॅनोमा, म्हणजे त्वचेचा एक कर्करोग. तोवर तो जांघेतील गाठींपर्यंत पोहोचला होता. शस्त्रक्रिया झाली, उपचार झाले. परंतु वर्षभरातच आम्हाला त्यांचा अंत्यविधी करावा लागला. दोन वर्षांपूर्वी तो डाग मसुराच्या दाण्याएवढा होता, हे त्यांच्या पत्नीने आम्हाला त्या दिवशी सांगितले. तिने तो पाहिला होता. तो कोणाला दाखवायचा असतो, हे मात्र तिला कोणी सांगितलेले नव्हते.

ही गोष्ट सांगण्याची जबाबदारी आपणा सर्वांची आहे, या भावनेतून हा लेख लिहीत आहोत. आम्ही वैद्य नाही. हा लेख डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही. डॉक्टरांकडे केव्हा जावे एवढे जरी यातून वाचकांना उमगले, तरी त्याचे काम झाले असे आम्ही समजू.

मेलॅनोमा म्हणजे काय?

आपल्या त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशी रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. त्यांना मेलॅनोसाइट म्हणतात. त्या मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य बनवतात. माणूस गोरा असो वा सावळा, या पेशींची संख्या साधारण सारखीच असते. फरक असतो तो त्या बनवत असलेल्या रंगद्रव्याच्या प्रमाणात व प्रकारात. अंगावरचा तीळ म्हणजे अशाच पेशींचा छोटासा पुंजका होय. तो निरुपद्रवी असतो आणि जन्मभर अंगावर राहिला तरी काही बिघडत नाही.

याच पेशी जेव्हा शरीराचे नियंत्रण झुगारून वाढू लागतात तेव्हा मेलॅनोमा होतो. ग्रीक भाषेत 'मेलास' म्हणजे काळा; त्यावरून हे नाव आले. स्टेथोस्कोपचा शोध लावणारे फ्रेंच वैद्य रने लाएनेक यांनी १८०४ मध्ये पॅरिस येथे या रोगाचे स्वतंत्र रोग म्हणून प्रथम विवेचन केले.

या रोगाची चाल ध्यानात घेण्यासारखी आहे. पुष्कळदा तो आरंभी कातडीच्या वरच्या थरात आडवा पसरतो, पाण्यावर तेलाचा थेंब पसरावा तसा. ही अवस्था काही महिने, कित्येकदा काही वर्षे टिकते आणि या काळात तो शरीरात इतरत्र जात नाही. त्यानंतर तो खाली, खोलवर उतरू लागतो. खालच्या थरात रक्तवाहिन्या व लसिकावाहिन्या असतात. तेथे पोहोचला की त्याच्या पेशी प्रथम जवळच्या गाठींत आणि पुढे फुप्फुस, यकृत, मेंदू येथे जाऊ शकतात. वेळीच निदानाचा सारा अर्थ या दोन अवस्थांमधील काळात सामावलेला आहे.

आपल्याकडे तो कोठे होतो?

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगभरात मेलॅनोमाचे सुमारे ३ लाख ३० हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ५८ हजार लोक त्याने दगावले. यांपैकी बहुसंख्य रुग्ण ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, युरोप व उत्तर अमेरिका येथील गोऱ्या कातडीचे आहेत. त्यांच्यामध्ये प्रखर ऊन हे या रोगाचे मोठे कारण आहे. ऑस्ट्रेलियाने तर १९८१ पासून अंग झाकावे, मलम लावावे, टोपी घालावी अशी मोहीम चालवली.

भारतात मात्र हा रोग विरळ आहे. लाख लोकांमागे वर्षाला एकाहूनही कमी रुग्ण, असे त्याचे प्रमाण आहे. आपल्या कातडीतील रंगद्रव्य ही एक नैसर्गिक छत्रीच आहे. म्हणून हा लेख वाचून कोणीही घाबरून जाऊ नये. अंगावरील काळ्या डागांपैकी बहुतेक सर्व निरुपद्रवी असतात.

परंतु या छत्रीचा एक गैरसमजही झाला आहे. 'त्वचेचा कर्करोग हा गोऱ्यांचा रोग, आपल्याला तो होत नाही', असे आपण धरून चालतो. उन्हाशी निगडित मेलॅनोमा आपल्यात क्वचित होतो हे खरे. पण त्याचा एक प्रकार असा आहे की ज्याचा उन्हाशी विशेष संबंध नाही. तो होतो तळपायावर, तळहातावर आणि नखाखाली. हा प्रकार गोऱ्या, सावळ्या व काळ्या अशा सर्वच वंशांत साधारण सारख्याच प्रमाणात आढळतो. आपल्यात उन्हाचा मेलॅनोमा कमी असल्यामुळे जे थोडे रुग्ण आढळतात त्यांत तळव्याच्या मेलॅनोमाचा वाटा मोठा असतो. तो का होतो हे विज्ञानाला अद्याप पूर्णपणे उलगडलेले नाही. तळपायाच्या ज्या भागावर शरीराचा भार अधिक पडतो तेथे तो अधिक आढळतो, असे काही अभ्यासांत दिसून आले आहे. बहुधा तो उतारवयात होतो.

याखेरीज तोंडातील टाळू व हिरड्या, नाकाचा आतील भाग, गुदद्वार, स्त्रियांचे जननांग आणि डोळा येथेही मेलॅनोमा होऊ शकतो. गुदद्वारातून रक्त जाऊ लागले की मूळव्याध समजून वर्षानुवर्षे घरगुती औषधे घेणारे पुष्कळ असतात. रक्त कोठूनही जात असो, ते तपासून घेतलेच पाहिजे.

ओळखीच्या नावांमागे लपलेला रोग

आपल्या जिल्ह्यातील जीवन पायांवर उभे आहे. अकोल्याच्या डोंगरावर भातलावणी करणारी माणसे, पाथर्डी-शेवगावहून उसाच्या फडात जाणारे तोडणी कामगार, बाजारात दिवसभर उभे राहणारे, शेतात अनवाणी राबणारे अशा सर्वांच्या पायांना काही ना काही झालेलेच असते. त्यामुळे पायाच्या दुखण्यांसाठी आपल्या भाषेत नावेही भरपूर आहेत : कुरूप, भोवरी, चिखल्या, भेगा, नखुरडे, ठेच, काटा. पायाला काही झाले की यांपैकी एक नाव आपण त्याला देऊन टाकतो. नाव मिळाले की चिंता मिटते आणि औषधही ठरलेले असते.

मेलॅनोमा नेमका या नावांमागे लपतो. तळपायावर झाला की त्याला कुरूप म्हणतात. नखाखाली झाला की ठेच लागून रक्त साकळले म्हणतात. नख उचलले जाऊन पाणी येऊ लागले की नखुरडे म्हणतात. ही चूक केवळ खेडेगावातील माणसांचीच होते असे नाही. इंग्लंडमधील नामांकित शल्यविशारद जोनाथन हचिन्सन यांनी १८८६ मध्ये नखाच्या मेलॅनोमाचे वर्णन केले तेव्हा त्याला दिलेल्या नावाचा अर्थच 'काळे नखुरडे' असा होतो. कारण नखुरडे समजूनच तो पुढे जाऊ दिला जातो, हे त्यांनी पाहिले होते. नखाच्या बुडाशी असलेल्या कातडीत काळेपणा उतरणे ही या रोगाची खूण आजही 'हचिन्सन यांची खूण' म्हणून वैद्यकात शिकवली जाते.

जमैकाचे जगप्रसिद्ध गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली १९७७ मध्ये असाच मेलॅनोमा आढळला. फुटबॉल खेळताना झालेली दुखापत असावी असे आधी वाटले होते. अंगठा काढून टाकण्याचा सल्ला त्यांनी स्वीकारला नाही. रोग पुढे मेंदू व फुप्फुसांपर्यंत गेला आणि १९८१ च्या मे महिन्यात, वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. कृष्णवर्णीय माणसालाही हा रोग होतो आणि तो कोठे होतो, याचे हे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण होय.

मिलिमीटरांचा हिशेब

मेलॅनोमा किती गंभीर आहे हे ठरवताना डॉक्टर त्याची लांबी-रुंदी पाहतात, पण त्याहून महत्त्वाची मानतात ती त्याची खोली. अमेरिकेतील विकृतिशास्त्रज्ञ अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० मध्ये दाखवून दिले, की हा रोग कातडीत किती मिलिमीटर खोल गेला आहे यावर रुग्णाचे भवितव्य मोठ्या प्रमाणावर अवलंबून असते. तेव्हापासून ही खोली मोजणे हा निदानाचा अविभाज्य भाग झाला आहे.

एक मिलिमीटरपर्यंतचा रोग उथळ मानला जातो. आपल्या खिशातील बँकेच्या कार्डाची जाडी सुमारे पाऊण मिलिमीटर असते. एवढ्या खोलीच्या आत रोग सापडला, तर भोवतालच्या सेंटिमीटरभर निरोगी कातडीसह तो काढून टाकणे हाच बहुतेकांसाठी पूर्ण उपचार ठरतो. चार मिलिमीटर खोल गेला, तर त्याच रुग्णाला मोठी शस्त्रक्रिया, गाठींची तपासणी आणि दीर्घ औषधोपचार यांना सामोरे जावे लागते.

अमेरिकेतील नोंदींनुसार मेलॅनोमा मूळ जागीच असताना सापडला तर १०० पैकी सुमारे ९९ रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात. जवळच्या गाठींत पोहोचल्यावर सापडला तर हे प्रमाण ७५ च्या आसपास येते. दूरच्या अवयवांत गेल्यावर ते ३५ च्या आसपास उतरते. हे आकडे तेथील रुग्णांचे आणि तेथील उपचारांचे आहेत. तळव्याच्या मेलॅनोमाचा अनुभव याहून काहीसा प्रतिकूल आहे आणि त्यामागे उशिरा होणारे निदान हे एक मोठे कारण आहे. तरीही त्यांतून निघणारा अर्थ सर्वत्र सारखाच आहे. रोग तोच, माणूस तोच. फरक पडतो तो डाग दाखवायला लागलेल्या महिन्यांचा.

काय पाहावे?

न्यूयॉर्क येथील डॉक्टरांनी १९८५ मध्ये सामान्य माणसांसाठी काही सोप्या खुणा सुचवल्या. पुढे २००४ मध्ये त्यांत आणखी एकीची भर पडली. त्या आपल्या भाषेत अशा सांगता येतील :

१) असमानता : डागाच्या मधोमध रेघ कल्पिली तर दोन्ही बाजू सारख्या दिसत नाहीत.

२) कडा : कडा गोल व स्वच्छ नसून वेड्यावाकड्या किंवा शाई फुटल्यासारख्या पुसट असतात.

३) रंग : एकाच डागात काळा, तपकिरी, निळसर, लालसर असे अनेक रंग दिसतात.

४) आकार : डाग सहा मिलिमीटरहून, म्हणजे साधारण हरभऱ्याच्या डाळीहून मोठा असतो. मात्र त्याहून लहान डागही बदलत असेल तर तो दाखवावा.

५) बदल : डाग वाढतो, उंच होतो, रंग बदलतो, खाजतो, त्यातून रक्त येते किंवा तो चिघळतो. सर्वांत महत्त्वाची खूण हीच होय.

तळपाय, तळहात आणि नखे यांच्याबाबत आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

तळव्यावर नव्याने उमटलेला आणि वाढत चाललेला काळा किंवा तपकिरी डाग दाखवावा. सावळ्या माणसांच्या तळव्यांवर लहान तपकिरी ठिपके असणे स्वाभाविक आहे. जे वर्षानुवर्षे जसेच्या तसे आहेत त्यांची काळजी नको.

जे कुरूप औषधाने जात नाही, जी जखम सहा आठवड्यांत भरत नाही, जेथून थोड्याशा धक्क्याने रक्त येते, ती जागा दाखवावी. मेलॅनोमा नेहमी काळाच असतो असे नाही. तळव्यावर तो कधी गुलाबी, मांसासारखा, ओलसर गाठीच्या रूपातही येतो.

नखाखाली उभी काळी रेघ दिसली तर ती नीट पाहावी. आपल्यासारख्या सावळ्या लोकांत अनेक नखांवर अशा तपकिरी रेघा असणे सर्वसामान्य आहे. परंतु प्रौढ वयात एकाच नखावर, विशेषतः हाताच्या वा पायाच्या अंगठ्यावर, नवी रेघ उमटली, ती रुंद होत गेली, नख चिरले किंवा काळेपणा नखाबाहेर कातडीवर उतरला, तर विलंब करू नये.

ठेच लागून साकळलेले रक्त ओळखण्याची एक साधी रीत आहे. नख वाढते तसा हा डाग पुढे सरकतो आणि शेवटी नखाबरोबर कापला जातो. हाताचे नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढते, पायाचे त्याच्या निम्म्याने. मोबाइलवर डागाचे छायाचित्र काढावे, शेजारी एक नाणे ठेवावे आणि महिन्याने पुन्हा तसेच छायाचित्र काढावे. डाग पुढे सरकला असेल तर बहुधा चिंता नाही. जागीच राहिला किंवा रुंद झाला असेल तर डॉक्टरांकडे जावे. ज्या डागातून रक्त येते किंवा जो झपाट्याने वाढतो आहे, त्यासाठी मात्र महिनाभर थांबण्याची गरज नाही.

काय करू नये?

काळ्या डागावर, तिळावर किंवा कुरूपावर बिब्बा लावू नये. बिब्ब्याने कातडी भाजते, डागाचे मूळ रूप बिघडते आणि पुढे डॉक्टरांनाही निदान कठीण जाते. चुना, ॲसिड, केसाने बांधणे, तापलेल्या सळईचा डाग देणे, ब्लेडने खरवडणे हे सर्व प्रकार तितकेच घातक आहेत. वरचा काळा भाग निघून गेला की रोग गेला असे वाटते; खाली तो तसाच वाढत राहतो.

ब्युटी पार्लरमध्ये किंवा जत्रेतील जडीबुटीवाल्याकडे तीळ जाळून घेऊ नये. जो तीळ बदलत आहे तो जाळला गेला, की त्याची तपासणी कायमची अशक्य होते. शरीरातून काढलेला प्रत्येक संशयित डाग प्रयोगशाळेत तपासला गेलाच पाहिजे, हा नियम आपण स्वतःही लक्षात ठेवावा आणि डॉक्टरांना नम्रपणे तसे विचारावे.

कोठे जावे, तेथे काय होते?

प्रथम आपल्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील किंवा नेहमीच्या डॉक्टरांना डाग दाखवावा आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवण्याची विनंती करावी. जिल्ह्यात अहिल्यानगर येथील शासकीय जिल्हा रुग्णालय आणि लोणी येथील प्रवरा रुग्णालय येथे जाता येते. त्वचारोगतज्ज्ञ डर्मोस्कोप नावाच्या भिंगातून डाग पाहतात. यात टोचणे वा कापणे काहीच नसते. तळव्यावरील रेषांमध्ये उंचवटे आणि खाचा असतात. निरुपद्रवी तिळाचा रंग बहुधा खाचांतून दिसतो, तर मेलॅनोमाचा उंचवट्यांवरून. जपानी डॉक्टरांनी शोधून काढलेल्या या फरकामुळे अनेकांना नाहक कापाकापीपासून वाचवता येते.

शंका उरलीच तर जागा बधिर करून डाग, किंवा तो मोठा असल्यास त्याचा तुकडा, काढून तपासला जातो. मेलॅनोमा निश्चित झाला तर कर्करोगतज्ज्ञांकडे जावे लागते. मुंबईत परळ येथे १९४१ साली सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय आपल्याकडील रुग्णांसाठी मोठा आधार आहे. हे रुग्णालय ज्या रस्त्यावर आहे त्याला डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांचे नाव दिलेले आहे. मूळ गोव्याचे असलेले हे कॅथलिक शल्यविशारद कर्करोगाच्या रुग्णांसाठी आयुष्यभर झटले.

खर्चाच्या धास्तीने कोणी घरी बसू नये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या अनेक शस्त्रक्रिया व उपचारांचा समावेश आहे. योजनेतील रुग्णालयांत 'आरोग्यमित्र' नेमलेले असतात. शिधापत्रिका व आधार कार्ड सोबत नेऊन त्यांना प्रथम भेटावे.

'सुरी लागली की पसरतो' हा समज

आपल्या समाजात एक समज खोलवर रुजलेला आहे : गाठीला सुरी लागली की कर्करोग अंगभर पसरतो. हा समज कसा झाला असावा हे समजू शकते. पूर्वी रुग्ण इतक्या उशिरा रुग्णालयात पोहोचत, की शस्त्रक्रियेच्या आधीच रोग पसरलेला असे. शस्त्रक्रियेनंतर रुग्ण दगावला की दोष सुरीला दिला जाई. वास्तविक तपासणीसाठी तुकडा काढल्याने मेलॅनोमा पसरत नाही. योग्य रीतीने केलेली शस्त्रक्रिया हाच त्याचा मुख्य उपचार आहे. आरंभीच्या अवस्थेत नखाचा मेलॅनोमा सापडला तर पुष्कळदा नखाचा भाग काढून बोट वाचवता येते. उशीर झाला तर बोट आणि कधी कधी त्याहून अधिक गमवावे लागते.

पसरलेल्या रोगावरही आता पूर्वीपेक्षा चांगली औषधे उपलब्ध आहेत. शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती जागवून कर्करोगाशी लढवणारी औषधे २०११ पासून वापरात आली. त्यामागील मूलभूत संशोधनासाठी जेम्स ॲलिसन व तासुकू होंजो यांना २०१८ चा नोबेल पुरस्कार मिळाला. या औषधांनी अनेकांचे आयुष्य वाढले आहे. तथापि ती अतिशय महाग आहेत आणि तळव्याच्या मेलॅनोमावर ती इतर प्रकारांच्या मानाने कमी गुणकारी ठरतात. म्हणून आपल्यासाठी लवकर पाहणे हेच सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचे औषध आहे.

जामखेड आणि बार्शीचा धडा

खेड्यातील साध्या माणसांना असे रोग कसे ओळखता येणार, अशी शंका कोणी घेईल. त्याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने जामखेड येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यांनी गावोगावच्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यांतील अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते. तरीही त्या बाळंतपणे सुखरूप करू लागल्या, क्षयाचे व कुष्ठरोगाचे रुग्ण ओळखू लागल्या. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. नजर शिकवता येते, आणि शिकलेली नजर पदवीवाचूनही जीव वाचवते, हे जामखेडने जगाला दाखवले.

कुष्ठरोगाच्या बाबतीत तर सबंध महाराष्ट्राने हे अनुभवले आहे. कातडीवर फिकट, बधिर चट्टा दिसला की दाखवावा, हे वाक्य शाळेच्या भिंतींपासून एस. टी. स्थानकांपर्यंत सर्वत्र रंगवलेले असे. लोक चट्टा पाहू लागले, लपवण्याऐवजी दाखवू लागले आणि बोटे झडण्यापूर्वी उपचार मिळू लागले. फिकट चट्टा पाहायला शिकलेल्या आपल्या समाजाला काळा डाग पाहायला शिकणे अवघड नाही.

जामखेडच्या दक्षिणेला बार्शी आहे. तेथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाने १९८७ पासून बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांत कर्करोगाची नोंदणी सुरू केली. ग्रामीण भागातील अशी ही देशातील पहिली नोंदणी होय. कार्यकर्ते गावोगाव जात, लोकांना कर्करोगाची लक्षणे समजावून सांगत आणि शंका असलेल्यांना तपासणीस येण्यास प्रवृत्त करीत. काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण पूर्वीपेक्षा आरंभीच्या अवस्थेत सापडू लागल्याचे नोंदींतून दिसून आले. केवळ माहिती देण्याचा हा परिणाम होता.

शासनातर्फे ३० वर्षांवरील व्यक्तींची तोंडाच्या, स्तनांच्या व गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तपासणी केली जाते. हे तीन रोग आपल्याकडे मेलॅनोमापेक्षा कितीतरी अधिक आहेत. त्या तपासण्या कोणीही चुकवू नयेत. तंबाखू व मिश्री सोडण्याचे महत्त्वही येथे पुन्हा सांगितले पाहिजे. परंतु तळपाय आणि नखे पाहण्याचा त्या तपासणीत समावेश नाही. ते काम घरातच व्हायला हवे.

घरातील दहा मिनिटे

म्हणून आमची एक साधी विनंती आहे. महिन्यातून एकदा, दहा मिनिटे काढून, उजेडात बसून घरातील प्रत्येकाने आपले तळपाय, बोटांमधील सांधी, तळहात आणि वीसही नखे पाहावीत. ज्यांना वाकता येत नाही, ज्यांची दृष्टी मंदावली आहे, अशा वडीलधाऱ्यांचे पाय मुलांनी व सुनांनी पाहावेत. मधुमेह असलेल्यांना तर डॉक्टर रोज पाय पाहण्यास सांगतातच. त्याच वेळी ही नजरही ठेवता येईल. नखांना रंग किंवा मेंदी लावण्यापूर्वी नखे एकदा पाहून घ्यावीत. आपल्या धर्मग्रामांतील परिचारिका, धर्मभगिनी, महिला मंडळे व युवक यांनी प्रसंगोपात्त हा विषय लोकांपुढे मांडावा.

पवित्र गुरुवारी पाय धुण्याच्या विधीसाठी बारा जण वेदीसमोर बसतात तेव्हा भेगाळलेल्या टाचा, झिजलेली नखे, कुरुपे असे कष्टांचे सारे आयुष्य आम्हाला त्या पायांवर दिसते. टाचेवर पट्टी बांधलेले ते बाबाही एका वर्षी त्या बाराजणांत बसले होते. त्या दिवशी आम्ही त्यांचा पाय हातात घेतला, पाणी ओतले, पुसला आणि पुढे सरकलो. टाच उलटून पाहण्याचे आम्हाला सुचले नाही. तेव्हा तेथे काही होते की नव्हते, हे आता कळण्याचा मार्ग नाही.

आपण मात्र आज संध्याकाळी घरातल्या वडीलधाऱ्यांचे पाय हातात घ्यावेत आणि टाच उलटून अवश्य पाहावी.